बायपासनंतर क्रिएटिनिन वाढलं म्हणजे किडनी गेली का?

ताई, तुमच्या मिस्टरांचं वजन कमी करायचं बायपास (पोट-आतड्याचं, हृदयाचं नव्हे) होऊन 7 महिने झाले, 31 किलो उतरलं आणि आता क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते ती घाण, रक्तात वाढली की किडनी कमी गाळतेय अशी शंका येते) 0.9 चं 1.3 आलंय म्हणून भावकीत 'आता डायलिसिस' सुरू झालंय असं तुम्ही लिहिलंय. पहिल्यांदा भावकीला रिपोर्ट दाखवायचं बंद करा. मी डॉक्टर नाही, सांगलीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे माझं, पण 2019 ला हेच ऑपरेशन झालंय आणि दोन वर्षांनी किडनी स्टोनपण झाला, त्यामुळं जे भोगलं ते सांगतो.

रक्त दिलं त्याच्या आधीचे दोन दिवस आठवा. पाणी किती गेलं होतं पोटात? उलट्या, जुलाब? पोटाची पिशवीच एवढीशी केलेली असते, तांब्या तोंडाला लावून घटाघटा पाणी पिणं विसरायचं, आणि त्यात आपल्याकडचा एप्रिल. नुसतं पाणी कमी पडूनसुद्धा क्रिएटिनिन वर जातं. दुसरं, बीपीची गोळी अजून जुन्याच डोसची चालू आहे का बघा, वजन उतरलं की बीपीपण उतरतो आणि गोळी तेवढीच राहिली तर किडनीला रक्त कमी पोचतं, लघवी जास्त करणारी गोळी असेल तर अजूनच. पण स्वतःच्या मनानं बंद करू नका हां, डॉक्टरांना फोन करून विचारा.

आता माझा गाढवपणा. कमरेत चमक भरली म्हणून मी मेडिकलमधून डायक्लोच्या गोळ्या आणल्या आणि चार दिवस खाल्ल्या. बायपासवाल्याला या पेनकिलर तशाही नको असतात, आत अल्सर होतो, आणि पाणी कमी असताना किडनीलापण वाईट. चमकबिमक काही नव्हती, 5 एमेमचा खडा होता. डॉक्टरांनी लघवी गाळून बघायला सांगितलं, बायकोनं चहाची जुनी गाळणी दिली (ती परत स्वयंपाकघरात आणायची नाही या अटीवर) आणि सहाव्या दिवशी त्यात ज्वारीच्या दाण्याएवढा, काळपट, काटेरी खडा पडला. तपासला तर कॅल्शियम ऑक्झलेट (ऑक्झलेट म्हणजे पालक-बदामासारख्या खाण्यातून येणारा पदार्थ, कॅल्शियमशी जुळून त्याचा खडा होतो).

कारण असं की बायपासमध्ये आतड्याचा काही भाग टाळला जातो, तेल-तूप नीट पचत नाही, ती न पचलेली चरबी आतड्यातलं कॅल्शियम पकडून बसते, मग जेवणातलं ऑक्झलेट मोकळं सुटतं आणि रक्तातून लघवीत येतं. एरवी कॅल्शियम त्याला धरून संडासवाटे बाहेर नेतं. स्लीव्हवाल्यांना (ज्यांचं नुसतं पोट लहान केलेलं असतं, आतडं टाळलेलं नसतं) हा त्रास कमी. आणि मी काय करत होतो, तर वजन राखायला रोज पालकाचा ज्यूस, वर बदाम, आणि हळदीच्या गावात राहतो म्हणून हळदीच्या कॅप्सूल! भाजीतल्या चिमूटभर हळदीनं काही होत नाही, पण कॅप्सूल रोज म्हणजे ऑक्झलेटचा डोसच. अळू, बीट, व्हिटॅमिन सी च्या मोठ्या गोळ्या, तेच.

खडा झाला कळल्यावर शेजारी म्हणाले दूध-दही सोड, कॅल्शियमची गोळी फेकून दे. अगदी उलटं! डॉक्टरांनी कॅल्शियम सायट्रेट चालूच ठेवलं, फक्त जेवणासोबत घ्यायला लावलं, म्हणजे ऑक्झलेट आतड्यातच पकडलं जातं. मी रिकाम्या पोटी घेत होतो आधी. पाण्यासाठी बाटलीवर मार्करनं खुणा केल्यात, दुकानात घोट घोट चालू असतं, जेवणाच्या आगेमागे अर्धा तास सोडून. लघवी दिवसाला दोन-अडीच लिटर व्हायला पाहिजे असं मला सांगितलंय.

आणि एक, पुढं क्रिएटिनिन एकदम कमी आलं तरी लगेच पेढे वाटू नका. माझं 0.7 आलं होतं तेव्हा मी खूष, तर डॉक्टर म्हणाले मसल्स उतरलेत म्हणूनपण ते कमी दिसतं. मिस्टर प्रोटीन पावडर घेत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, साधारण 60 ते 80 ग्रॅम प्रोटीन दिवसाला लागतंच, पण किडनी आधीच कमजोर असेल तर आकडा डॉक्टरच ठरवणार.

तर आठवडाभर पाणी नीट जाऊ द्या आणि डॉक्टरांना विचारून क्रिएटिनिन परत करा, सोबत लघवीचं एसीआर (लघवीतून प्रोटीन जातंय का ते कळतं) आणि सोनोग्राफी, आणि शंका राहिलीच तर सिस्टॅटिन सी (किडनीचीच रक्ततपासणी, पण मसल्सवर फारशी अवलंबून नसते). ताप आणि कमरेत कळ एकदम आली, लघवीच होईना, किंवा उलट्यांनी पाणीच राहीना, तर मात्र आठवडा बघू नका, त्याच दिवशी मिरजेला नाहीतर जवळ असेल त्या मोठ्या दवाखान्यात न्या. रिपोर्ट आला की इथंच कमेंटमध्ये टाका, नाव झाकून.