"वर्षभर राबवून घेतील आणि सोडून देतील"

आयटीआय झालेल्या मुलांचे पालक माझ्याकडे सल्ला घ्यायला येतात तेव्हा शब्द थोडे बदलतात, पण धास्ती तीच असते. "मॅडम, कंपनी अ‍ॅप्रेंटिस म्हणून घेते, वर्षभर राबवून घेते आणि सोडून देते. मग पोराने जायचं कशाला?" भरतीच्या दिवसांत हे इतक्या वेळा कानावर पडतं, की एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं.

ही धास्ती अगदीच हवेतली नाही. शिकाऊ उमेदवारीचा, म्हणजे अ‍ॅप्रेंटिसशिपचा, कायदा १९६१ सालचा. त्याच्या नजरेत हा मुलगा कामगार नाही, प्रशिक्षणार्थी आहे. करारात तसं लिहिलेलं नसेल, तर मुदत संपल्यावर त्याला कामावर ठेवणं कंपनीवर बंधनकारक नाही. दुसरीकडे २०१९ च्या नियमांनुसार ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. म्हणजे काही ठिकाणी शिकवण्याची हौस असते, काही ठिकाणी नुसता आकडा भरायचा असतो. आपला मुलगा यातल्या कुठल्या ठिकाणी पडलाय, हे ओळखायचं कसं?

टर्नर ट्रेड (लेथवर धातू कातण्याचं काम) केलेला एक मुलगा वडिलांबरोबर आला होता. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात चार महिने काढून तो घरी बसला होता. बोलत होते ते वडीलच. "दोन वर्षं आयटीआयत शिकला. आता आणखी एक वर्ष शिकाऊच? कायम करणार असं त्यांनी लेखी द्यावं, उद्यापासून पाठवतो." मुलगा मोबाइलची कड नखाने खरवडत होता.

कायम करतील की नाही, यावर मी बोललेच नाही. ते ना माझ्या हातात होतं, ना त्याच्या. मी त्याला विचारलं, "शेवटच्या शिफ्टला काय केलंस?"

"काही नाही. मशीन चालवलं."

"कसं चालवलंस? मला सीएनसीतलं, संगणकावर चालणाऱ्या त्या मशीनमधलं, काही कळत नाही. पहिल्यापासून सांग."

थोडा वेळ गप्प बसला. मग कंटाळल्यासारखा सुरू झाला. बुशचा, म्हणजे नळीसारख्या पोकळ भागाचा, बोअर (आतलं भोक) करायचा होता. दर पाचवा जॉब, म्हणजे मशीनवर केलेला भाग, बोअर गेजने (भोक मोजायच्या साधनाने) तपासायचा. निम्मी शिफ्ट झाल्यावर माप खाली उतरायला लागलं. अजून मर्यादेत होतं, पण प्रत्येक तपासणीत थोडं लहान.

"मग?"

"कापणारा इन्सर्ट झिजला होता ना. टोक झिजलं की बोअर लहान येतो. मी ऑफसेटला, मशीनमधल्या मापाच्या दुरुस्तीला, वीस मायक्रॉन दिले. पुढचा जॉब बरोबर आला. तरी जेवणाच्या सुट्टीनंतर इन्सर्टच बदलून टाकला."

"कुणाला विचारलंस?"

तो थांबला. मोबाइल टेबलावर उपडा ठेवला. "कुणालाच नाही. सुपरवायझर लांब होते."

"चार महिन्यांपूर्वी काय केलं असतंस?"

"मशीन बंद करून उभा राहिलो असतो."

वडील त्याच्याकडे बघतच राहिले. "हे घरी कधी बोलला नाहीस." त्यावर मुलगा म्हणाला, "तुम्ही रोज एकच विचारता, कायम करणार का म्हणून."

त्यानंतर खोलीत जी शांतता झाली, ती मी मुद्दाम मोडली नाही. माझ्या कामातली अशी शांतता मला लांबूनही ओळखू येते, आणि अशा वेळी तोंड बंद ठेवायला मी वर्षानुवर्षांच्या सरावाने शिकले आहे. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडलेलं एक म्हणणं माझ्या कामाचा पाया आहे. 'मला जमेल' हा विश्वास कुणी पाठ थोपटल्याने जितका येतो, त्याहून कितीतरी पक्का तो स्वतः करून पाहिल्याने येतो. माझ्या अनुभवाने त्याला एक पुस्ती जोडली आहे. स्वतः केलेलं कुणाला तरी सांगायला मिळालं नाही, तर करणाऱ्यालाही ते दिसत नाही. त्या मुलाकडे कौशल्य आलं होतं. पण घरात रोज निकालच विचारला जात असल्यामुळे त्याला ते कौशल्य वाटतच नव्हतं.

तो पुन्हा कामावर जाऊ लागला. मी त्याला एका वहीत रोज तीन रकाने भरायला सांगितले: एकट्याने केलेलं, कुणाच्या तरी मदतीने केलेलं आणि नुसतं पाहिलेलं. पुढच्या भेटीत वही उघडली तर तिसऱ्या रकान्यात सगळीकडे 'सेटिंग' आणि 'प्रोग्रॅम'. मध्ये सलग तीन दिवस फक्त पॅकिंग. वही हातात असल्यामुळे त्याला सेटरकडे, म्हणजे मशीन लावून देणाऱ्याकडे, नेमकं मागता आलं, "पुढचं सेटिंग मला करू द्या, तुम्ही बाजूला उभे राहा." आधीची त्याची तक्रार होती, "काही शिकवत नाहीत." अशा तक्रारीवर सुपरवायझर काय करणार?

ही वही मी आता प्रत्येकाला भरायला लावते, कारण ती उलट बाजूनेही खरं बोलते. महिनोन्महिने पहिला रकाना रिकामा आणि रोज झाडलोट, लोडिंग, पॅकिंग असेल, तर पालकांची धास्ती बरोबर आहे. तिथे 'धीर धर' असं सांगणं म्हणजे मुलाची फसवणूक. वही घेऊन आपल्या भागातल्या मूलभूत प्रशिक्षण व अनुषंगिक सूचना केंद्रात, म्हणजे शिकाऊ उमेदवारीचं काम पाहणाऱ्या सरकारी केंद्रात, जायचं.

वडिलांनाही मी एक काम दिलं. २०१४ च्या दुरुस्तीपासून शिकाऊ उमेदवारांना भरतीत घेण्याबाबत प्रत्येक मालकाने स्वतःचं धोरण ठरवायचं आहे. "लेखी द्या" म्हणून अडून बसण्यापेक्षा धोरण काय आहे, मागच्या तुकडीतल्या किती जणांना घेतलं, शिकाऊ उमेदवारीच्या शेवटच्या परीक्षेला किती बसले, हे विचारा म्हटलं. त्यांनी विचारलं. उत्तर फारसं गोड नव्हतं, थोड्याच जणांना घेतात. पण घरातली रोजची उलटतपासणी थांबली.

आयटीआय आणि उद्योगांच्या भागीदारीच्या बैठकांना मलाही अधूनमधून बोलावतात. किती करार झाले, किती जागा भरल्या, हे तिथे हिरिरीने सांगतात. मुलाने शिफ्टमध्ये काय केलं, हे विचारणारं कुणी नसतं. मी विचारते, आणि थोडी अप्रियही होते. असू दे. भागीदारी एका कारखान्याची गरज भागवायला नसते. एका औद्योगिक पट्ट्यात बोअर करणारे कारखाने अनेक असतात, आणि अखिल भारतीय चाचणीनंतर मिळणारं राष्ट्रीय प्रमाणपत्र त्या सगळ्यांकडे चालतं. या मुलाला त्या कारखान्याने ठेवलं नाही. जवळच्याच एका लहान युनिटने मुलाखतीत त्याच्या हातात जॉब आणि गेज दिलं, आणि घेतलं.

आता ज्यांना सही करायची आहे, त्यांच्यासाठी. करार सरकारच्या अ‍ॅप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवला जाणार का, हे आधी विचारा आणि नोंदीचा क्रमांक मागून घ्या. ट्रेडचं नाव तुमच्याच ट्रेडचं आहे का, ते वाचा. काम करताना इजा झाली तर भरपाई मिळण्याची तरतूद याच कायद्यात आहे, पण त्यासाठी तुम्ही शिकाऊ उमेदवार असल्याचं कागदावर हवं. "करार नंतर करू, आधी कामाला लागा" असं कुणी म्हणालं, तर त्या दिवशी मशीनला हात लावू नका.