टॉनिक विकण्यासाठी आगगाडीभर कलाकार घेऊन फिरलेला माणूस

तुम्ही विचारलंय की एखादं पेय बाजारात आणून, त्यापेक्षा स्वतःचंच नाव जास्त गाजवून, पुढे करमणुकीच्या धंद्यात उतरलेला कोणी उद्योजक होऊन गेला का, आणि तो कशामुळे खाली आला. बार्शीत आमचं मेडिकल आहे, वडिलांपासून चालत आलेलं. टॉनिकच्या बाटल्या पुसण्यात माझं बालपण गेलं. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचल्यावर मला पहिला आठवला तो डडली लेब्लांक, आणि त्याचं हॅडाकॉल नावाचं टॉनिक.

लेब्लांक अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याचा. 1894 चा जन्म. तिकडच्या केजन, म्हणजे फ्रेंच बोलणाऱ्या समाजातला. डॉक्टर नाही, औषधशास्त्र शिकलेला नाही, जन्मजात विक्रेता. बूट विकले, तंबाखू विकली, अंत्यविधीच्या विम्याचा धंदा केला, डोकेदुखीची पूड विकली. त्या पुडीच्या दाव्यांवरून सरकारी खात्याने त्याचा माल जप्तही केला होता. शिवाय तो राजकारणात होता, राज्याच्या सिनेटवर निवडून यायचा, म्हाताऱ्यांना पेन्शन मिळावी म्हणून भांडायचा. लोक त्याला मानायचे ते उगाच नाही.

हॅडाकॉलची कथा तो स्वतः रंगवून सांगायचा. 1940 च्या दशकात त्याचा पाय फार दुखायला लागला. एका डॉक्टरने इंजेक्शनं दिली आणि आराम पडला. आत ब जीवनसत्त्वं होती, हे त्याला बाटलीवर वाचून कळलं. मग त्याने पुस्तकं चाळली आणि घराच्या मागे पिंपांत स्वतःचं मिश्रण ढवळायला सुरुवात केली. गावातल्या मुली होडीच्या वल्ह्यांनी ते ढवळायच्या, असं सांगतात. ब गटातली जीवनसत्त्वं, लोह, कॅल्शियम, फॉस्फरस, मध, थोडं पातळ केलेलं आम्ल, आणि 12 टक्के अल्कोहोल. अल्कोहोल फक्त मिश्रण टिकावं म्हणून घातलंय, असं लेबलवर लिहिलेलं. आधीच्या कंपनीचं नाव होतं हॅपी डे कंपनी. त्यातली अक्षरं घेतली, शेवटी स्वतःच्या आडनावाचा एल जोडला आणि नाव झालं हॅडाकॉल. मात्रा एक मोठा चमचा, पाण्यात, दिवसातून चार वेळा. लहान बाटली सव्वा डॉलरला, मोठी साडेतीनला.

औषधाच्या बाजूने पाहिलं तर हे सगळं खोटं नव्हतं. मला हे ठामपणे सांगायचंय, कारण लेब्लांकची गोष्ट नुसती ठगाची म्हणून सांगितली जाते. अमेरिकेच्या दक्षिण भागात गरीब माणसाचं जेवण म्हणजे मका, डुकराची चरबी आणि काकवी. त्यात नायसिन हे ब गटातलं जीवनसत्त्व कमी पडतं आणि पेलाग्रा होतो: कातडी सोलते, पोट बिघडतं, डोकं काम करत नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत त्या भागात याने हजारो माणसं गेली. आपल्या दख्खनमध्येही ज्वारीवर राहणाऱ्या गरीब माणसांत हा आजार दिसलाय. अशा उपाशी शरीरात ब जीवनसत्त्व गेलं तर माणसाला आठवडाभरात फरक जाणवतो. काहींना तो खराच जाणवला असणार. बाकीच्यांना वाईनइतक्या कडक अल्कोहोलने हुशारी आली. दारूबंदी असलेल्या तालुक्यांत काही औषधवाले हॅडाकॉल पेल्यावर मोजून विकायचे.

(याच सुमाराला आपल्याकडेही हाच घोळ चालू होता. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला, आणि 1951 मध्ये बाल्सारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अल्कोहोल असलेल्या औषधांवरची त्यातली सरसकट बंदी रद्द ठरवली. औषध कुठे संपतं आणि दारू कुठे सुरू होते, हा प्रश्न माझ्या काउंटरवर आजही रोज येतो.)

पण लेब्लांक एवढ्यावर थांबला नाही. संधिवात, दमा, रक्तदाब, मधुमेह, सगळ्यावर गुण आल्याची लोकांची पत्रं तो जाहिरातीत छापायचा. नवीन शहरात शिरायची त्याची पद्धत आमच्या धंद्यातल्या माणसाने अभ्यासावी अशी आहे. माल दुकानात पोचायच्या आधी जाहिरात पोचायची. रेडिओवर सोपे प्रश्न, बरोबर उत्तराला एक बाटली फुकट, कूपन घेऊन दुकानात जा. दुकानदार म्हणायचा, असलं काही आमच्याकडे येत नाही. चार दिवस गिऱ्हाईक परत गेलं की तो हैराण व्हायचा, आणि नेमका तेव्हा लेब्लांकचा माणूस मालाचा ट्रक घेऊन दारात उभा. लोक हॅडाकॉलवर विनोद करायचे, त्यातल्या दारूवरून, त्याने म्हणे म्हातारे तरुण होतात त्यावरून. त्याला ते हवेच असायचे. 1950 मध्ये विक्री 2 कोटी डॉलरच्या वर गेली.

इथून पुढे तो करमणूक करणारा झाला. ऑगस्ट 1950 मध्ये हॅडाकॉल कॅरॅव्हॅन निघाली. जुन्या काळी गावोगाव घोडागाडीतून औषध विकणारे आधी गाणं-बजावणं करून गर्दी जमवायचे. हा तोच खेळ, फक्त हॉलिवूडच्या मापाचा. तिकीट पैशांत नव्हतं. मोठ्या माणसाला हॅडाकॉलच्या खोक्याची दोन झाकणं, लहान मुलाला एक. दोन वर्षांच्या दौऱ्यांत मिकी रूनी, बॉब होप, कार्मेन मिरांडा असे सिनेमातले तारे आले, मुष्टियोद्धा जॅक डेम्प्सी आला. 1951 च्या दौऱ्यात हँक विल्यम्स गायचा. खास आगगाडी, नाचणाऱ्या मुली, विदूषक, शेवटी शोभेची दारू. आणि मध्ये पांढऱ्या सूटमध्ये स्वतः लेब्लांक, हसत, हात हलवत. एका छोट्या गावातली बाई कल्पून पाहा: जिने आयुष्यात सिनेमातला माणूस समोर पाहिला नाही, ती घरातली खोकी शोधतेय, शेजारणीकडून एक झाकण मागतेय. एका बाटलीला एकच झाकण, म्हणजे नवरा-बायको आणि दोन पोरांना सहा बाटल्या.

विनोदी नट ग्राउचो मार्क्सने लेब्लांकला आपल्या कार्यक्रमात विचारलं होतं, हे हॅडाकॉल कशासाठी चांगलं? लेब्लांक म्हणाला, गेल्या वर्षी मला साडेपाच मिलियन डॉलरसाठी चांगलं होतं. सगळे हसले. मला मात्र या उत्तराने वाईट वाटतं. सहा बाटल्या घेतलेल्या त्या बाईचे पैसे त्यातच आहेत.

आता तो का पडला. डॉक्टरांच्या संघटनेने हॅडाकॉलवर उघड टीका केली, आणि 1951 मध्ये केंद्रीय व्यापार आयोगाने खोट्या दाव्यांबद्दल तक्रार दाखल केली. पण माझ्या मते मूळ दुखणं हिशेबाच्या वहीत होतं, आणि ते मला समजतं ते वडिलांमुळे.

मी बारावीत असताना एका टॉनिक कंपनीचा माणूस आमच्याकडे स्कीम घेऊन आला. दहावर तीन फुकट, पैसे नव्वद दिवसांनी, टीव्हीवर जाहिरात चालू आहेच. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, चाळीस खोकी घेतली. दोन महिने बाटल्या पळाल्या. मग जाहिरात थांबली आणि गिऱ्हाईक त्या टॉनिकचं नावच विसरलं. उरलेली खोकी दुकानाच्या माळ्यावर गेली. बाटलीच्या तळाशी गाळ बसायचा, मी दर रविवारी ती हलवून ठेवायचो. माल परत घ्यायला कंपनीचं कोणी आलं नाही. अण्णा मला एकदा म्हणाले, "बाळा, त्यांच्या वहीत हा माल विकला गेलाय. आपल्या वहीत नाही."

हॅडाकॉलचं हेच झालं, फक्त आकडे प्रचंड. कारखान्यातून उधारीवर बाहेर पडलेलं खोकं म्हणजे विक्री, असा हिशेब. जाहिरातीवर महिन्याला 10 लाख डॉलरच्या आसपास जात होते. जाहिरात थांबवली तर मागणी पडते, चालू ठेवली तर मिळवलेलं सगळं तिच्यातच जातं. त्यावर कलाकारांची बिदागी आणि आगगाडीचं भाडं. खोक्याच्या झाकणांनी नाटकगृह भरतं, पण झाकणं बँकेत भरता येत नाहीत.

1951 च्या उत्तरार्धात, दौरा चालू असतानाच, त्याने कंपनी न्यूयॉर्कच्या एका संस्थेला विकली. 82 लाख डॉलरचा सौदा म्हणून जाहीर झाला. सप्टेंबरमध्ये कॅरॅव्हॅन डॅलसमध्ये थांबली ती थांबलीच. नव्या मालकांनी वह्या उघडल्या तेव्हा येणं म्हणून दाखवलेल्या रकमेतला बराचसा माल दुकानांतून परत येत होता, आणि देणी, कर, बिलं वेगळीच. वर्ष संपायच्या आत कंपनी दिवाळखोरीत. लेब्लांकला याबद्दल विचारलं तेव्हा तो म्हणाला होता की गाय विकली आणि नंतर ती मेली, तर विकणाऱ्याला काय करणार.

हे उत्तर मला पटत नाही. गाय आजारी आहे हे विकणाऱ्याला माहीत होतं.

1952 मध्ये तो राज्यपालपदासाठी उभा राहिला आणि हरला. पुढे त्याने कॅरी-ऑन नावाचं दुसरं टॉनिक आणलं, ते काही चाललं नाही. मात्र त्याच्या माणसांनी त्याला टाकलं नाही. 1960 च्या दशकात तो पुन्हा सिनेटवर निवडून आला आणि 1971 मध्ये वारला तेव्हाही सिनेटरच होता. केजन लोकांच्या भाषेसाठी आणि इतिहासासाठी त्याने आयुष्यभर जे केलं ते मनापासून केलं, त्यांच्यावर पुस्तकही लिहिलं. लुइझियानात त्याचं नाव हॅडाकॉल आणि हे काम, या दोन्हींसाठी निघतं.

तुम्ही स्वतः पेयाचा धंदा काढायच्या विचारात असाल तर जाहिरातीचं मला फार कळत नाही. पण दुकानात किती माल पाठवला हे मोजू नका, दुकानातून दुसऱ्यांदा किती मागवला ते मोजा. परवाच एक आजोबा आले, म्हणाले ताकदीची बाटली दे, टीव्हीवर दाखवतात ती. मी विचारलं, जेवता काय? भाकरी आणि चटणी, बायको गेल्यापासून दुसरं काही रांधत नाहीत. त्यांना मी बी-कॉम्प्लेक्सची साधी पट्टी दिली आणि समोरच्या गाड्यावरून शेंगदाणे घ्यायला सांगितलं.