मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे संख्याशास्त्राचे प्रश्न

मानसशास्त्राला प्रवेश घेताना संख्याशास्त्राचा पेपर सहसा कुणाच्या डोक्यात नसतो. तो समोर आला की मग पत्रं येतात. त्यांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

गणित दहावीलाच सुटलं. अकरावी-बारावी कला शाखेतून केली. आता हा पेपर झेपेल का? – बी.ए., लातूर

झेपेल. बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार, वर्ग, वर्गमूळ आणि ऋण चिन्ह न विसरणं, एवढंच गणित यात लागतं. अडतं ते चिन्हांपाशी. सिग्मा दिसला की हात थांबतो, पण तो फक्त ‘सगळे मिळवा’ एवढंच सांगत असतो. प्रत्येक सूत्राखाली ते काय करायला सांगतं, हे एका मराठी वाक्यात लिहून ठेवा.

आणि तुम्ही लातूरचे, म्हणजे पर्सेंटाइल हा शब्द घरोघरी ऐकलेला. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. परीक्षेला बसलेल्यांपैकी ९० टक्के मुलं तुमच्याइतक्या किंवा कमी गुणांवर आहेत, एवढाच त्याचा अर्थ. आता पुढचं बघा. गुण प्रसामान्य वक्रासारखे, म्हणजे मध्ये उंच आणि दोन्ही टोकांना उतरत्या घंटेसारखे पसरले असतील, तर ५० वरून ६० पर्सेंटाइलला जायला पाव प्रमाण विचलनाइतकी वाढ पुरते. (प्रमाण विचलन म्हणजे गुण सरासरीपासून साधारण किती दूर पसरलेत याचं माप.) ८९ वरून ९९ ला जायला मात्र १.१ प्रमाण विचलनं लागतात, म्हणजे चौपटीहून जास्त. मध्ये गर्दी असते, टोकाला माणसं विरळ होतात. बुद्धिगुणांकाच्या बऱ्याच चाचण्यांत मध्यमान (सरासरी) १०० आणि प्रमाण विचलन १५ धरतात. म्हणून ११५ ला माणूस साधारण ८४ पर्सेंटाइलवर आणि १३० ला ९८ च्या आसपास येतो. हे ज्याला कळलं, त्याला झेड गुण (मध्यमानापासून किती प्रमाण विचलनं दूर, हे सांगणारा आकडा) वेगळा शिकवावा लागत नाही.

प्रमाण विचलन काढता येतं, पण ते कशासाठी? आणि भागताना एक कमी का करायचा? – बी.ए., बीड

वर्षअखेर ‘सरासरीच्या शंभर टक्के पाऊस’ अशी नोंद होते आणि ऑगस्टातल्या तीन आठवड्यांच्या खंडात सोयाबीन करपून गेलेलं असतं, हे बीडच्या माणसाला मी काय सांगणार? नुसत्या सरासरीतून पसारा दिसत नाही.

चिंतेच्या चाचणीत एका गटाचे गुण १२, १४, १५, १६, १८ आणि दुसऱ्याचे ५, १०, १५, २०, २५ आहेत असं समजा. मध्यमान दोन्हींचं १५. पहिल्यात मध्यमानापासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज २०, तिला ४ ने (पाचातून एक कमी) भागून वर्गमूळ काढलं की २.२ येतं. दुसऱ्यात बेरीज २५०, प्रमाण विचलन ७.९. पहिल्या गटाला एकच कार्यक्रम चालेल. दुसऱ्यात २५ गुणांच्या मुलीशी स्वतंत्र बोलावं लागेल. समुपदेशनात जायचं असेल तर हा फरक तुम्हाला दिसलाच पाहिजे.

वर्ग का, तर नुसत्या फरकांची बेरीज नेहमी शून्य येते. एक कमी का, याचं उत्तरही तिथेच आहे. बेरीज शून्य व्हायलाच हवी, म्हणून चार फरक कळले की पाचवा ठरलेला असतो, मोकळे चारच. शिवाय आपण फरक मोजतो ते नमुन्याच्याच मध्यमानापासून, आणि तिथून वर्गांची बेरीज कमीत कमी येते. पाचाने भागलं तर समष्टीतला, म्हणजे ज्या मोठ्या गटातून नमुना घेतला त्यातला, पसारा आहे त्याहून कमी भासतो.

वसतिगृहातले ३० आणि घरी राहणारे ३० विद्यार्थी घेऊन एकाकीपणा मोजला. मध्यमानं ४२.६ आणि ३८.९, प्रमाण विचलन दोन्हीकडे ८ च्या आसपास. पी मूल्य ०.०८ आलं. मैत्रिणी म्हणतात, अजून दहा-दहा जण घे, येईल ०.०५ च्या खाली. – एम.ए., नांदेड

घेऊ नका, हे कळकळीने सांगतो. आकडा बघून नमुना वाढवायचा, पुन्हा बघायचं, पुन्हा वाढवायचं, असं केलं की नसलेला फरक ‘सापडण्याची’ शक्यता ५ टक्क्यांवर राहत नाही, दर खेपेला वाढत जाते. न पटणाऱ्या दोन-तीन जणांचे गुण वगळणं हा त्याचाच दुसरा प्रकार. २०१५ मध्ये मानसशास्त्रातल्या १०० अभ्यासांच्या पुनरावृत्तीचे निष्कर्ष आले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्के ‘सार्थक’ (पी ०.०५ च्या खाली) होते. पुनरावृत्तीत ३६ टक्केच तसे ठरले. त्याच्या कारणांत अशा सवयींचं नाव वारंवार घेतलं जातं.

पी ०.०८ चा अर्थ ‘फरक असण्याची शक्यता ९२ टक्के’ असा नाही. समष्टीत काहीच फरक नसता, तरी नमुन्याच्या योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता ८ टक्के, इतकंच ते सांगतं. आणि ०.०५ ही काही निसर्गाने आखलेली रेघ नव्हे. रोनाल्ड फिशर यांनी १९२५ मध्ये सोयीची मर्यादा म्हणून ती सुचवली.

प्रबंधात असं लिहा: फरक ३.७ गुणांचा, ९५ टक्के विश्वास अंतराल (खरा फरक ज्या पट्ट्यात असावा तो) सुमारे उणे ०.४ ते ७.८, कोहेनचा डी (फरक भागिले प्रमाण विचलन) ०.४६. म्हणजे परिणाम मध्यम असू शकतो, शून्यही असू शकतो. हा नमुना निर्णय देण्याइतका मोठा नाही. डी ०.५ असेल तर ८० टक्के वेळा तो पकडायला प्रत्येक गटात ६४ जण लागतात. तीस-तीसमध्ये ती संधी निम्म्याहून थोडी कमी. पुढच्या अभ्यासाला ही संख्या आधी ठरवा, मग पहिली प्रश्नावली वाटा. ‘सार्थक फरक आढळला नाही’ लिहिल्याने प्रबंध कमअस्सल होत नाही. गाइड नाराज होतील असं वाटत असेल, तर विश्वास अंतराल त्यांच्यासमोर ठेवून बोला.

आमच्या शाळेत मोबाइलचे तास आणि गुण यांचा सहसंबंध उणे ०.३ आला. पालकसभेत सांगू का, की मोबाइलमुळे गुण घटतात? – शिक्षिका, परभणी

‘मुळे’ म्हणू नका, मॅडम. सहसंबंध दोन गोष्टी सोबत किती बदलतात एवढंच सांगतो. ०.३ चा वर्ग ०.०९, गुणांतल्या चढउतारापैकी ९ टक्केच या रेषेने जुळतो. अभ्यासात मागे पडलेलं मूल मोबाइलकडे वळलेलं असेल, किंवा आईवडील ऊसतोडीला गेल्याने दोन्ही गोष्टी घडल्या असतील. ‘जास्त मोबाइल वापरणाऱ्यांचे गुण सरासरीने थोडे कमी दिसले’ एवढं मात्र निश्चिंत सांगा.

एसपीएसएस हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर परवडत नाही. मोबाइलवर काम होईल? – एम.ए., अंबाजोगाई

जमोवी आणि जॅस्प ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत आणि या अभ्यासक्रमाला पुरेशी आहेत. कॉलेजच्या लॅबमध्ये टाकून घ्या. मोबाइलवर गूगल शीट्समध्ये मध्यमान, प्रमाण विचलन, सहसंबंध आणि टी-टेस्टही (दोन गटांच्या मध्यमानांतला फरक तपासणारी) निघते. तिथे प्रमाण विचलनाची दोन प्रकारची फंक्शन्स आहेत. शेवटी ‘एस’ असलेलं एक कमी करून भागतं, ‘पी’ असलेलं पूर्ण संख्येने. नमुन्यासाठी ‘एस’ घ्या, आणि पाच जणांच्या गुणांचं एक उदाहरण आधी वहीत सोडवून उत्तर जुळतंय का ते बघा.