गॅरेजच्या दारावरचे विटांचे बांधकाम झुकले आहे

प्रश्न : आमच्या गॅरेजचे दार सुमारे २.४ मीटर रुंद आहे. त्याच्यावरचे विटांचे रद्दे (आडवे थर) मध्यभागी खाली झुकले असून दाराच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांपासून पायऱ्यांसारख्या भेगा वर गेल्या आहेत. गेल्या वर्षी त्या सिमेंटने बुजवल्या होत्या. त्या पुन्हा उघडल्या आणि आता दारही वरच्या बाजूला घासते. खालून जॅक लावून विटा जागेवर आणता येतील, की संपूर्ण भिंत पाडावी लागेल?

उत्तर : जॅक लावू नका, आणि संपूर्ण भिंत पाडण्याचीही बहुधा गरज पडणार नाही. भिंत झुकते तेव्हा सुटलेल्या सांध्यांमध्ये चुऱ्याचे कण जाऊन बसतात, त्यामुळे विटा पूर्वीच्या जागी परत जाऊच शकत नाहीत. जोर लावल्यास आजवर शाबूत असलेला भाग मात्र तडकतो. भेगा पुन्हा उघडल्या, कारण आपण भेग बुजवली, पण विटांना खालून पेलणारी वस्तू तशीच राहिली.

ती वस्तू म्हणजे लिंटेल, म्हणजेच दाराच्या वर आडवी बसवलेली तुळई, आणि आधी तिचीच तपासणी करावी. काही जुन्या गॅरेजांत लिंटेलच नसते आणि विटा नुसत्या लाकडी चौकटीवर टेकलेल्या असतात. दार घासत असल्यामुळे ही शंका मला येथे प्रकर्षाने येते. लाकडी तुळई असेल तर तिच्या टोकांना टोकदार हत्याराने टोचून पाहावे, कारण कुजण्याची सुरुवात बहुतेक वेळा भिंतीत गाडलेल्या टोकापासून होते. लोखंडी अँगल असेल तर त्याच्या टोकांजवळ आडवी भेग आहे का, हे पाहावे. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा व्यापतो आणि वरचे रद्दे उचलतो, म्हणून आडवी भेग गंजाकडे बोट दाखवते, तर मध्यभागी झोळ आणि तिरक्या पायऱ्या दिसत असतील तर आधार कमी पडला आहे असे समजावे. झोळ मोजण्यासाठी एका रद्द्याला समांतर दोरी ताणून मध्यभागी अंतर घ्यावे. आपल्या दाराच्या रुंदीला लिंटेलचा बाक साधारण ४ मिलिमीटरच्या आत असावा लागतो. झोळ बोटभर असेल तर प्रकरण गंभीर आहे.

दाराच्या दोन्ही बाजूंच्या खांबांना ओळंबा लावून पाहण्यास विसरू नका. विटा झुकल्यावर त्यांचा भार कमानीसारखा बाजूंना रेटला जातो, आणि गॅरेजचे खांब अरुंद असल्यामुळे ते बाहेर कलू शकतात. खांब कलला असेल, किंवा या भागावर मजल्याची वा छपराची तुळई टेकत असेल, तर स्थापत्य अभियंत्याने पाहिल्याशिवाय एकही वीट काढू नये.

दुरुस्तीत सर्वांत जास्त काळजी तात्पुरत्या आधाराची घ्यावी लागते. झुकलेल्या भागाच्या वर, जेथे सांधे घट्ट आहेत तेथे, भिंतीला भोके पाडून आडव्या तुळया आरपार घालाव्यात आणि त्यांना दोन्ही बाजूंनी लोखंडी टेकू द्यावेत. टेकूंखाली जाड फळ्या हव्यात, नाहीतर ते जमिनीत रुततात. त्यानंतर सैल झालेला साधारण त्रिकोणी भाग वरून खाली हाताने उतरवावा. शाबूत विटा साफ करून पुन्हा वापरता येतात.

नवे लिंटेल प्रत्येक बाजूला किमान १५० मिलिमीटर भिंतीवर टेकले पाहिजे, आणि ते फुटक्या विटांवर नव्हे, तर नव्याने पक्क्या बांधलेल्या जागेवर. पाणसळ (आडवी पातळी पाहण्याचे साधन) लावून ते बसवल्यावर वरचे रद्दे बांधावेत आणि जुन्या बांधकामाला जेथे नवे भिडते तेथे अगदी कमी पाण्याचा कोरडसर मसाला ठोकून ठोकून भरावा. ही फट पोकळ राहिली तर वरची भिंत त्या पोकळीइतकी पुन्हा खाली बसते. काँक्रीट जागेवरच ओतले असेल तर त्याखालचा साचा आणि टेकू किमान १४ दिवस हलवू नयेत आणि तोवर काँक्रीटला नियमित पाणी मारावे. टेकू उतरवताना सर्वांचे स्क्रू आळीपाळीने थोडेथोडे सैल करावेत, आणि दोरी ताणलेली ठेवून मध्यभागी फरक पडतो का ते पाहावे. दाराची यंत्रणा त्यानंतरच बसवावी, तीही विटांच्या सांध्यांत खिळे ठोकून नव्हे, तर उघडझापीचे हादरे पेलतील अशा भक्कम जागी.