आधी जाळी उचला, फिनेल नंतर
दादा, कॅरव्हॅनच्या शॉवरमधून घाण वास येतो म्हणून फिनेल ओतताय, ते आधी थांबवा. हा वास बहुतेक वेळा जाळीखालच्या वाकड्या पाइपातून येतो. त्या बाकात साचलेलं पाणीच सांडपाण्याच्या टाकीतला वायू अडवतं. सोलापूरच्या मे महिन्यात गाडी उन्हात उभी राहिली की ते आटतं. खड्ड्यांत हिंदकळून निघूनही जातं. माझ्या गाडीची जाळी उचलली तर बाक कोरडा ठणठणीत, वर साबणाने चिकटलेला केसांचा बोळा. तो काढा, तांब्याभर पाणी ओता, वर चमचाभर गोडेतेल. तवंगामुळे पाणी लवकर उडत नाही. तरीही वास आलाच, तर सांडपाण्याची टाकी धुवा आणि छतावरचा हवेचा पाइप बघा. माझ्या पाइपात गांधीलमाशीने घर केलं होतं!