टॉयलेट रोलच्या पुठ्ठ्याच्या नळीत रोपं होतात का? मुंबईच्या दमट हवेत बुरशी नाही का येत?

होतात की, मी बाल्कनीच्या ग्रिलमध्ये दरवर्षी करते. नळीला खालून 4 चिरा द्यायच्या, साधारण बोटाच्या एका पेराएवढ्या, आणि खोक्याची झाकणं मिटतो तशा एकात एक अडकवायच्या, तळ तयार. किचन टॉवेलची लांब नळी असेल तर कापून दोन-तीन करा. मग मिठाईच्या प्लास्टिकच्या डब्यात त्या एकमेकींना चिकटून उभ्या करायच्या, नाहीतर ओल्या झाल्या की लवंडतात. आत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत निम्मं-निम्मं.

काकडी, दोडका, भेंडी यांच्यासाठी तर हे बेस्टच, कारण त्यांची मुळं हलवलेली त्यांना अजिबात चालत नाहीत आणि इथे नळीसकट कुंडीत लावता येतं, पुठ्ठा मातीत विरघळून जातो.

बुरशीचं म्हणाल तर पावसाळ्यात पुठ्ठ्यावर पांढरी लव येतेच, घाबरू नका, ती बहुतेक वेळा नुसता पुठ्ठा खात असते. पण रोप मातीपाशी बारीक होऊन आडवं पडलं तर पाणी जास्त होतंय, तेव्हा वरून ओतू नका, डब्यात थोडं पाणी घाला, 15-20 मिनिटांनी उरलेलं काढून टाका आणि डबा वाऱ्याला ठेवा.

आणि हो, कुंडीत लावताना नळीची कड मातीवर अजिबात राहू देऊ नका, फाडून टाका, कारण उघडा पुठ्ठा वातीसारखा खालचं पाणी वर ओढतो आणि ऑक्टोबरच्या उन्हात बिचारं मूळ कोरडं पडतं. चकचकीत, रंगीत छपाईचा पुठ्ठा मात्र नको.