वाटीतली चिमूटभर साखर

मेलबर्न, ११ जानेवारी २०२६

प्रिय पिल्लू,

काल फोनवर तू विचारलंस, "आई, समोरच्या काकूंनी आपल्याला विरजण दिलं होतं ना, मग आजीने त्यांची वाटी परत करताना त्यात साखर का घातली? त्यांनी तर मागितली नव्हती." आजीला विचारलंस तर ती म्हणाली, "रिकामं भांडं देऊ नये." मी तुझ्याएवढी असताना मलाही तिने एवढंच सांगितलं होतं. फोनवर सांगून पुरलं नसतं, म्हणून कागदावर लिहून आजीच्या फोनवर फोटो पाठवतेय. अडेल तिथे तिला विचार.

मी अकरा वर्षांची होते, १९९८ साल, हेच सासवडचं घर. त्या वर्षीही संक्रांत बुधवारी आली होती. म्हणजे सोमवारी बाजार, मंगळवारी भोगी, बुधवारी संक्रांत, गुरुवारी किंक्रांत, सगळं तुझ्या येत्या आठवड्यासारखंच.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी आजीबरोबर बाजारात गेले. वांगी, पावटा, घेवडा, गाजरं, हरभऱ्याचे घाटे, बोरं, उसाची कांडकी आणि सुगडं. सुगडांची पिशवी माझ्याकडे, कारण आजीच्या मते माझी चाल सावकाश. पुण्याहून दिवे घाट चढून वर आलं की गारठा वाढतो, हे तुलाही जाणवलं असेल. संध्याकाळी पुरंदरच्या बाजूने वारा सुटला की आम्ही शाली गुंडाळूनच बसायचो.

ह्या गारठ्यात दही लागत नाही. विरजणातले जिवाणू कोमट दुधात भराभर वाढतात आणि थंडीत सुस्तावतात. म्हणून आजी दूध बोटाला सोसेल इतपत गरम करायची, विरजण घालून हलवायची, पातेलं तांदळाच्या डब्यात खोचायची आणि वर जुनी शाल टाकायची. त्या सोमवारी मात्र एवढं करूनही मंगळवारी सकाळी दूध जसंच्या तसं! सकाळी सकाळी वाटी घेऊन मला समोर पिटाळलं. काकूंनी काही न विचारता दोन चमचे दही घातलं, कारण आठ दिवसांपूर्वी त्यांचं विरजण आमच्याच घरून गेलं होतं. खरं सांगू? आमच्या आळीतलं सगळं दही म्हणजे एकाच विरजणाची लेकरं होती. हिवाळाभर ते ह्या दारातून त्या दारात फिरत असायचं.

त्या दुपारी भोगीची भाजी झाली, बाजरीच्या भाकरीवर तीळ थापले, वर लोण्याचा गोळा. "न खाई भोगी तो सदा रोगी" म्हणत आजोबांनी मला दोन भाकऱ्या खायला लावल्या. आणि दही घेऊन आलेली वाटी भाजीने भरून काकूंकडे गेली. बुधवारी तीच वाटी तिळाच्या वड्या घेऊन आली.

गुरुवारी माझ्याकडून चूक झाली. किंक्रांतीची सुट्टी नव्हती, पण शाळेतून लवकर आले होते आणि मैत्रिणी लगोरीला बोलावत होत्या. आजी मागच्या अंगणात होती. मी वड्या खाऊन वाटी विसळली, काकूंच्या ओट्यावर ठेवली आणि पळाले. दहा मिनिटांत काकू आमच्या दारात. "घरी सगळं बरं आहे ना? कुणी आजारी आहे का?" आजीला काही कळेना. मग त्यांनी रिकामी वाटी दाखवली. आजीने माझ्याकडे बघितलं, पण रागावली नाही. तिने चहा टाकला आणि काकू अर्धा तास बसून गेल्या.

तेव्हा मला समजलं की आमच्या आळीत वाटीवरून घरातली खबर कळायची. भाजी आली म्हणजे घरात सण आहे. वड्या आल्या म्हणजे पाहुणे येऊन गेलेत. रिकामी आली म्हणजे काहीतरी बिनसलंय.

पुढच्याच महिन्यात आजोबांना पुण्याला दवाखान्यात ठेवावं लागलं, आठ दिवस. आजी सकाळच्या एस.टी.ने जायची, रात्री परत यायची. मी काकूंकडे जेवायचे आणि रात्री आजीसाठी त्या डबा द्यायच्या. आजी इतकी दमलेली असायची की बसल्या जागी डोळा लागायचा. तरी सकाळी निघताना डबा धुऊन त्यात चिमूटभर साखर घालायचीच. मला वाटायचं, काय उपयोग एवढ्याशा साखरेचा? आता वाटतं, ती चिमूट पाहून काकूंना कळत असणार की बाई खचलेली नाही. डब्याची परतफेड साखरेने होत नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं. परतफेड करायचीच नव्हती. हिशेब फिटला असता तर डबा जायचा-यायचा थांबला असता.

शुक्रवारचं हळदीकुंकू तुला सांगायलाच हवं. त्या वर्षी आजीने वाणाला स्टीलच्या छोट्या वाट्या आणल्या होत्या, पुण्याच्या बोहरी आळीतून. गूळ, हरभरे, बोरं सुगडात, आणि वाटी हातात. चाळीसेक बायका आल्या, निरोप एकमेकींच्या तोंडीच गेला होता. दार उघडं आहे म्हटलं की येणाऱ्या यायच्या. तू म्हणालीस ना, इथे लोक बेल न वाजवता कसे येतात? असे येतात.

शनिवारी सकाळची शाळा, दात वाजायचे. रविवारी मामाच्या शेतावर हुरडा. शेणीच्या आगटीत कणसं भाजून तळहातावर चोळायची, लसणाच्या चटणीशी खायची. हात दोन दिवस काळे. निघताना आजीने काकूंसाठी वेगळा हुरडा बांधून घेतला, हे तुला आता सांगायला नको.

तुला आठवतं, दिवाळीत आपण इथल्या शेजारच्या बाईंना चिवडा दिला होता? त्यांनी डबा लख्ख धुऊन, रिकामा परत केला. मला वाटलं, आवडला नसेल. पुढे कळलं की त्यांच्याकडे घासूनपुसून डबा देणं हीच रीत. त्यांच्या परीने त्यांनी आपला मान राखला होता. मी मात्र पुन्हा त्यात काहीतरी घालून दिलंच, माझा हात थांबत नाही.

बुधवारी तिळगूळ द्यायला तू समोर जाशील. काकू आता थकल्यात, त्यांना उठू देऊ नकोस, वाकून नमस्कार कर. निघताना "जाते" म्हणायचं नाही, "येते" म्हणायचं. आणि एक काम कर. आजीच्या फडताळात खालच्या कप्प्यात वाट्या आहेत. आमच्याकडे लग्नाच्या भांड्यांवर नाव घालून घ्यायची पद्धत होती, म्हणून प्रत्येक वाटीच्या काठाखाली बारीक अक्षरात नाव कोरलेलं असतं. ती सगळी आपलीच आहेत का बघ. मला खात्री आहे, निदान एक तरी काकूंची निघेल. सापडली तर आजीला विचारून तिच्यात काय घालायचं ते तूच ठरव.

तुझी,
आई